दोन खिशांचा शर्ट

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना आजवर कुणीही, कसलीही वस्तू तपासल्यावाचून देऊ शकलेलं नाही. यात मी देवाचा प्रसादही धरते. मंडळाच्या गणपतीत हातावर ठेवलेला मोदक ते आधी उजेडाकडे धरतात, पाकळ्या मोजतात, बूड दाबून बघतात आणि आतल्या सारणाबद्दल खात्री पटली म्हणजे मगच तोंडात टाकतात. कोलकात्यातल्या खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सचे अप्रेझर म्हणून त्यांची सारी नोकरी झाली. जहाजातून उतरलेल्या खोक्यावर जे लिहिलं आहे तेच खोक्यात आहे का, हे पाहायचं, हेच त्यांचं काम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, खोकी संपली, पण पाहणं काही संपलं नाही. महागाचा चंद्रमुखी म्हणून स्वस्तातला ज्योती बटाटा खपवणारे आमच्या बेहाला बाजारातले भाजीवाले काकांना लांबून येताना पाहिलं की ढिगावरची पाटी आपणहून बदलतात. लग्नाची पत्रिका आली तर काका मुहूर्त पंचांगात ताडून पाहतात आणि यजमानांना फोन करून "सात मिनिटांचा फरक दिसतोय" असं कळवतात. गंमत म्हणजे खोटं सापडलं तर ते मुळीच रागावत नाहीत. खरं निघालं तर मात्र त्यांचा चेहरा असा काही उजळतो की समोरच्याला आपण काहीतरी मोठं पुण्य केलंय असं वाटायला लागतं.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही कोलकात्याला आलो, तेव्हा या काकांची पहिली ओळख ट्रकच्या मागच्या फळीपाशी झाली. मी सामानाची यादी हातात घेऊन भांबावून उभी होते. एक उंच, शिडशिडीत म्हातारे गृहस्थ पुढे आले, त्यांनी यादी माझ्या हातातून अलगद काढून घेतली आणि दोन तास उन्हात उभं राहून एकेका नगावर खूण केली. आमचा त्यांचा परिचय नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. शेवटी यादी परत देताना म्हणाले, "शेगडी दोन बर्नरची लिहिली आहेस, उतरली तीनची. दुरुस्ती करून ठेव. आणि जेवायला खाली या, बायकोनं वरण-भात लावलाय." नंतर रविवारी त्यांनी आम्हाला बसनं पार बागबाजारला नेलं. कोलकात्यात नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ते तिथे नेतात. पाहायला काहीच नाही, साधा रस्ता आहे. त्याच्या कडेला उभं राहून काका सांगतात, "मराठे चालून येणार म्हणून या शहरानं इथून खंदक खणायला घेतला होता. मराठे इथवर आलेच नाहीत, आणि खंदकही कधी पुरा झाला नाही." मग थोडं थांबून, आपल्या मुलाबाळांना बजावावं तसं, "हाती घेतलं की पुरं करायचं." हे दुसरं वाक्य किती खरं आहे, ते मला तीन वर्षांनी कळलं.

काकांचे शर्ट हा आमच्या इमारतीत कौतुकाचा विषय होता. फिकट निळं सुती कापड, अर्ध्या बाह्या, आणि छातीवर दोन खिसे. दोन्हींना झाकण, झाकणाला बटण. डावा खिसा काकांचा. त्यात पेन, भिंग आणि मोजायची टेप. उजवा खिसा काकूंचा. लग्न होऊन या शहरात आल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काकूंनी तीन पर्सा हरवल्या होत्या. एक ट्राममध्ये, एक हावड्याच्या फेरीबोटीत, आणि तिसरी कुठे ते त्यांनाच माहीत नव्हतं. त्यावर काकांनी खिदिरपूरच्या आपल्या शिंप्याला, ज्याला ते 'मास्टर' म्हणत, उजवा खिसा एक इंच जास्त खोल करायला सांगितला. तेव्हापासून काकूंचा चष्मा, घराची किल्ली, गुडघ्याची गोळी आणि आवळासुपारीची डबी उजव्या खिशात. बाजारात काकूंनी नुसता हात पुढे केला की त्यांना नेमकं काय हवंय ते काकांना कळायचं आणि झाकणाचं बटण निघायचं. मी एकदा काकूंना म्हटलं, "किती छान ना!" तर त्या म्हणाल्या, "छान आहे गं. पण सुपारी खावीशी वाटली की आधी नवरा शोधावा लागतो."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मास्टरनं दुकान बंद केलं. काका नेहमीप्रमाणे वर्षाचे तीन शर्ट टाकायला गेले, तर मशीन पोत्यात बांधलेलं. मास्टर गावी निघाला होता. त्याची मुलं दहा-बारा मशीनं लावून ऑनलाइन कंपन्यांना माल शिवून देत होती. काकांनी विचारलं, "मग माझं माप कोण घेणार?" मास्टर हसला. "साहेब, आता एकेकाचं माप कोण घेतं? स्मॉल, मीडियम, लार्ज, एक्सएल. एवढीच माणसं उरली आहेत." काकांनी विचारलं, "आणि मी यातला कोण?" मास्टरनं त्यांना नखशिखांत पाहिलं, चाळीस वर्षं ज्या खांद्यांवर टेप टाकली त्यांच्यावर एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "तुम्ही मधले, साहेब. लांबीला एक्सएल, रुंदीला मीडियम." बेहालातल्या दोन शिंप्यांकडे काका जाऊन आले. एक फक्त ब्लाउज शिवत होता. दुसऱ्याच्या दुकानात ऑनलाइन आलेल्या जीन्सचा डोंगर पडला होता, आणि दिवसभर तो त्यांचे पाय कापत बसायचा. त्यानं काकांचं कापड घेतलं, पण शर्ट शिवला तो खिसे विसरूनच.

त्या रात्री बंगळुरूहून मुलाचा फोन आला. हकिगत ऐकून तो सहज म्हणाला, "काय बाबा, ऑनलाइन सगळं मिळतं." हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका वही घेऊन आमच्या दारात. वहीच्या पहिल्या पानावर, मधोमध, ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'ऑनलाइन सगळं मिळतं.'

"हे काय काका?"

"चिरंजीवांचं डिक्लेरेशन. माल काय आहे ते त्यांनी जाहीर केलंय. आता तपासायचं."

"अहो, तो बोलण्याच्या ओघात म्हणाला असेल."

"ओघात म्हटलेलंच तपासावं लागतं. तू मला ते ॲप कसं चालवायचं तेवढं शिकव."

मी घरून काम करत असल्यामुळे दुपारी मला एक तास मोकळा असायचा. काका शिकले, आणि कुणीही शिकलं नसेल इतक्या कसून शिकले. तुम्ही-आम्ही फोटो आवडला की बोट टेकवतो. काका एका शर्टामागे अडीच तास घालवत. मापांचा तक्ता वहीत उतरवून काढत. खाली लोकांनी लिहिलेले अभिप्राय शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि त्यातली प्रत्येक साक्ष ताडून बघत. "हा म्हणतो 'कपडा मस्त', हाही म्हणतो 'कपडा मस्त', तोही तेच. तिघांनी एकाच वाणाच्या चुका केल्यात, बघ. माणूस एकच आहे." शर्ट घातलेल्या त्या देखण्या तरुणाच्या फोटोवर भिंग धरून ते खिशाच्या शिवणी मोजत. त्या तरुणाच्या चेहऱ्याकडे त्यांनी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

पहिला शर्ट आला. फोटोत दोन खिसे, दोन्हींना झाकण. प्रत्यक्षातही दोन झाकणं होती. काकांनी उजव्या झाकणाचं बटण काढलं, बोट आत घालायला गेले, तर आत काहीच नाही. सरळ छाती. नुसतंच झाकण शिवलेलं. काका कितीतरी वेळ ते झाकण उघडत-मिटत बसले. "खिसा नाहीये," ते अतिशय हळू आवाजात म्हणाले. "खिशाचं नुसतं नाव आहे." गोदीतल्या सगळ्या नोकरीत त्यांनी सिगारेटच्या खोक्यात साबण पाहिला होता, यंत्राच्या सुट्या भागांत घड्याळं पाहिली होती, पण झाकणाखाली खिसाच नाही, हा प्रकार त्यांनाही नवा होता. दुसऱ्या शर्टाचे खिसे खरे निघाले, पण इतके लहान की त्यात भिंगाची दांडीसुद्धा मावेना. तिसऱ्याच्या पाठीवर हा एवढा मोठा ड्रॅगन होता आणि फोटो फक्त पुढून काढलेला होता. एकदा 'फिकट निळा' म्हणून जो रंग आला त्याला बंगालीतही नाव सापडलं नाही. आमच्या मजल्यावरच्या बंगाली बाईंनी तासभर विचार करून सोडून दिलं. प्रत्येक शर्ट परत. आणि परत करतानाही काकांचं समाधान नाही, कारण ॲपमध्ये परत करण्याची कारणं तयार दिलेली असतात: माप लहान, माप मोठं, आवडला नाही. "आवडण्याचा प्रश्न येतो कुठे?" काका म्हणत आणि 'इतर' या सदरात तपासणीचा अहवाल लिहू लागत. तिथे अक्षरांना मर्यादा होती. काकांनी एक अहवाल पाच हप्त्यांत पाठवला होता, आणि कंपनीकडून पाचही वेळा 'आपल्या सुंदर अभिप्रायाबद्दल आभार' असं उत्तर आलं होतं.

या सगळ्यात काकांना एक मित्र मिळाला. आमच्या भागात पार्सलं आणणारे स्वपनबाबू पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. शहराबाहेर बजबज नावाच्या गावात राहायचे. तिथल्या ज्यूट मिलमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं मागावर काम केलं होतं. मिल बंद होई, चालू होई, पुन्हा बंद होई. शेवटी त्यांनी जुनी स्कूटर दुरुस्त करून घेतली आणि पाठीवर ही भलीमोठी पिशवी घेतली. पहिल्या दोन-तीन वेळा त्यांना काकांचा कंटाळा आला असावा. एकदा मात्र काका शर्टाचा धागा उसवून बघत होते, तेव्हा स्वपनबाबूंनी न राहवून कापड चिमटीत धरलं आणि म्हणाले, "दादा, ये कॉटन नहीं है. हमको हाथ से पता चलता है." काकांनी भिंग खाली ठेवलं. त्या दिवसापासून काकांचं पार्सल असलं की स्वपनबाबू ते सगळ्यात शेवटी आणत, चहा घेत, आणि मग दोघं मिळून पॅकेट उघडत. "एटाओ फेरत, दादा?" ते विचारत. म्हणजे हाही परत? काका मान हलवत. मग दोघं शर्टाची अशी सुरेख घडी घालत, कॉलरखाली पुठ्ठा, टाचण्या जिथल्या तिथे, की स्वपनबाबू म्हणायचे, कंपनीला हे बघून लाज वाटेल.

दुर्गापूजेचे दिवस आले. या शहरात पूजेला नवे कपडे घेतले नाहीत तर माणसाला आपण हिशेबातच नाही असं वाटतं. पूर्वी म्हणे महिनाभर आधीपासून गर्दीत घुसून खरेदी चालायची. आता रोज संध्याकाळी आमच्या इमारतीच्या खालच्या व्हरांड्यात पार्सलांची रास पडायची. आणि ती पार्सलं घेऊन बायका वर न जाता आधी काकांच्या दारात जायच्या. काकांनी व्हरांड्यात टेबल टाकलं. टेप, भिंग, स्टीलची पट्टी. कुणाची जामदानी साडी, कुणाच्या मुलाचा पंजाबी, म्हणजे इथला झब्बा, कुणाचे बूट. काका बाही मोजत, काठ उलटून बघत, आणि 'ठेवा' किंवा 'परत' एवढंच म्हणत. एका घरात जावयासाठी मागवलेलं रेशमी धोतर काकांनी 'परत' म्हटलं. तरीही त्या बाईंनी ठेवून घेतलं, आणि अष्टमीला ते धोतर पहिल्याच पाण्यात बोटभर आखडून जावयाच्या पोटऱ्या दिसायला लागल्या. त्यानंतर काकांचा शब्द अखेरचा झाला. सगळ्या इमारतीचे कपडे त्यांनी पारखून दिले. स्वतः मात्र आधीच्या वर्षीच्याच निळ्या शर्टात, कॉलरवर विरलेल्या, पूजेचा मंडप बघून आले.

पूजा संपल्या संपल्या कंपनीचा निरोप आला. आपल्या खात्यावरून वारंवार माल परत आल्यामुळे यापुढे परत करण्याची सोय बंद करण्यात येत आहे. सत्तावीस शर्ट मागवले होते, सत्तावीस परत गेले होते. काकांनी तो निरोप मला मोठ्यानं वाचायला लावला. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती. दुसऱ्यांच्या मालावर आयुष्यभर शेरा मारणाऱ्या माणसावर पहिल्यांदाच कुणीतरी शेरा मारला होता. त्यांनी कस्टमर केअरला फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, आपको हुई असुविधा के लिए हमें खेद है."

"सत्ताईस बार गलत माल आया. गलती किसकी है?"

"सर, सिस्टम में दिख रहा है कि आपने सत्ताईस बार रिटर्न किया है."

"वही तो मैं बोल रहा हूँ!"

"सर, क्या आप मेरी सेवा से संतुष्ट हैं?"

"अभी सेवा हुई कहाँ है?" काकांनी विचारलं, तोवर फोन बंद झाला होता.

मला वाटलं, संपलं. काकूंनाही वाटलं. त्या म्हणाल्या, "अहो, एक खिशाचे घ्या. कुणी हसत नाही." काकांनी वहीत नवं पान उघडलं, वर 'भाग दुसरा' लिहिलं, आणि मोठ्या कंपन्या सोडून छोट्या छोट्या विक्रेत्यांची यादी करायला घेतली.

इकडे काकांचे जुने शर्ट काही थांबायला तयार नव्हते. ओझं उजव्या खिशात जास्त, त्यामुळे विरायचाही तोच आधी. दिवाळीच्या आसपास एका सकाळी बाजारात काका वाकून वांगी पाहत असताना उजव्या खिशाची खालची शिवण सुटली. किल्ली पडली, डबी पडली, आणि काकूंचा चष्मा रस्त्यावर पडून टोटोच्या, म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षाच्या, चाकाखाली गेला. काकांनी त्या चुऱ्यासमोर उकिडवं बसून काचांचे तुकडे एकेक करून रुमालात गोळा केले. नवा चष्मा यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत काका रोज सकाळी काकूंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. प्रत्येक बातमी, मग त्या बातमीतल्या चुका.

नवव्या दिवशी दुपारी, काका झोपलेले असताना, काकू जिना चढून माझ्याकडे आल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या साडी सोडून कुर्ते घालायला लागल्या होत्या. तेही काकांनी शिवणी बघून आणलेले. खुर्चीत बसून त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "खिसेवाले कुर्ते मिळतात म्हणे. मला एक दाखव."

मी फोन उघडला. शंभर निघाले. काकूंनी एकही अभिप्राय वाचला नाही, मापांचा तक्ता पाहिला नाही. बोट खाली खाली नेत गेल्या आणि एका वांगी रंगाच्या कुर्त्यावर थांबल्या. "हा."

"माप, काकू?"

"तुझ्याहून एक मोठं." मग जरा थांबून, "तुझ्या पत्त्यावर मागव हं. खाली आला तर हे तपासतील. तपासला की परत."

चार दिवसांनी कुर्ता आला. काकूंनी माझ्या आरशासमोर तो घातला आणि दोन्ही हात खिशात घातले. मनगटापर्यंत गेले. हात बाहेर काढले, पुन्हा घातले. मग एका खिशात चष्मा, दुसऱ्यात किल्ली आणि डबी, असं एकेक ठेवून त्यांनी वरून थोपटून पाहिलं. "अगं," त्या म्हणाल्या, "सत्तर वर्षं मी हात कुठे ठेवत होते?" दुसऱ्या दिवसापासून सकाळी काकांची अंघोळ-पूजा चालू असताना काकू एकट्या बाजारात जाऊन यायला लागल्या. महिन्याभरात वांगी रंगाच्या जोडीला एक मोरपंखी आला, मग एक राखाडी. थंडीचे दिवस, वरून स्वेटर, त्यामुळे खिसे झाकले जात, आणि काकांची नजर तेव्हा फक्त शर्टांवर होती. काकांसमोर त्या चष्मा टेबलावर ठेवत. मला हे सगळं अवघड जात होतं. रोज दुपारी एक जण माझ्या सोफ्यावर बसून खिसा शोधत होता आणि दुसरीनं तो आपल्यापुरता मिळवला होता. दोघांनाही दार मीच उघडत होते.

डिसेंबरात काकांना इचलकरंजीची एक बाई सापडली. घरातच चार मशीनं टाकून शर्ट शिवायची आणि फोटो टाकून विकायची. फोटोतल्या शर्टाला खिसा एकच होता, पण खाली लिहिलं होतं: 'सांगाल तसं शिवून मिळेल.' काकांनी हे वाक्य वहीत उतरवलं, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि माझ्यासमोर फोन लावला. आवाज सगळीकडे ऐकू येईल असा ठेवला.

"बोला की काका," पलीकडून ठसठशीत मराठी आवाज आला. कोलकात्यात बसून बाजाराशी मराठीत बोलायची वेळ काकांवर चाळीस वर्षांत आली नव्हती. ते क्षणभर गडबडलेच.

त्यांनी सगळं सांगितलं. कागदावर काढलेली आकृती आधीच पाठवली होती, मापं मिलिमीटरमध्ये.

"डावा खिसा समजला. ह्यो उजवा येवढा खोल कशाला, काका?"

"बायकोचा चष्मा मावला पाहिजे. घरासकट."

बाई हसली. "मग काकींनाच खिशाचा कुर्ता शिवून देते की! आता समद्या बायका तसलेच घेतात."

मी चहाच्या कपात पाहू लागले.

"नको," काका म्हणाले. "तिचा खिसा माझ्याकडे असतो."

जानेवारीत पार्सल आलं. स्वपनबाबूंनी ते त्या दिवशी शेवटी नाही, सगळ्यांत आधी आणलं. व्हरांड्यात टेबल मांडलं गेलं. काकू आल्या, मी आले, वरखालच्या दोन-चार बायका आल्या. काकांनी टाचण्या काढल्या, धागा चिमटीत धरून स्वपनबाबूंच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. सुती. मग टेप. कॉलर, खांदा, बाही. डाव्या खिशाचं बटण काढलं, लावलं. उजव्या खिशात पट्टी उभी घातली आणि वाकून आकडा पाहिला. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "ठेवा." स्वपनबाबूंनी टाळी वाजवली. वरच्या बाईंनी तर जीभ हलवत उलूध्वनी केला, बंगाली लग्नात बायका करतात तसा.

काका आत जाऊन शर्ट घालून आले. उजव्या खिशाचं झाकण उघडून धरलं आणि काकूंसमोर उभे राहिले. "दे."

ऊन होतं, काकूंनी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला होता. त्या माझ्याकडे न बघता जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी कुर्त्याच्या खिशात हात घातला आणि चष्म्याचं घर बाहेर काढलं. काकांची नजर त्या घराकडे गेली नाही. ते जिथून आलं त्या जागेकडे गेली.

"हे केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

काका एक पाऊल पुढे आले. खिशाची कड त्यांनी बोटांत धरली, उलटून शिवण पाहिली, टेप लावली. "साडेसात इंच," ते म्हणाले. "शिवण दुहेरी. कोपऱ्यांना टाके जास्तीचे दिलेत." मग जरा वेळानं, "चांगला आहे. कुणी पाहिला होता?"

"कुणी नाही. मीच घेतला."

"न तपासता?"

"न तपासता."

काकांनी टेप गुंडाळली. काकूंनी चष्म्याचं घर अजून अर्धवटच पुढे धरलेलं होतं. काकांनीच तो हात हळूच मागे केला. "राहू दे तुझ्याकडे. मागत बसावं लागत नाही, बरं पडतं," ते म्हणाले, आणि आपल्या झाकणाचं बटण लावलं. संध्याकाळी त्यांनी इचलकरंजीला फोन करून आणखी दोन शर्ट सांगितले, त्याच मापाचे, उजवा खिसाही तेवढाच खोल. आणि मुलाला कळवलं की त्याचं डिक्लेरेशन बरोबर ठरलं आहे. मुलाला अर्थातच काही आठवत नव्हतं.

उजव्या खिशात काय ठेवावं, हे पुढे कितीतरी दिवस त्यांना ठरवता आलं नाही. एकदा त्यात रुमाल दिसला, एकदा बसची तिकिटं. मग काहीच दिसेना. बटण मात्र लावलेलं असायचं. कुर्ता माझ्या पत्त्यावर आला होता म्हणून मी एकदा माफी मागायला गेले. काकांनी मला बोलूच दिलं नाही. "अगं, इतकी वर्षं मी समजत होतो, तिला पर्स सांभाळता येत नाही," ते म्हणाले. "तिला खिसा हवा होता. हे मला दिसायला हवं होतं ना?" आणि मग ते खिडकीतून बाहेर बघत राहिले, कारण काकू बाजारातून येत होत्या.

यंदा मेमध्ये आमची नागपूरला बदली झाली. ट्रक भरताना यादी अर्थातच काकांच्या हातात होती. तीन बर्नरच्या शेगडीवर त्यांनी खूण केली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. संध्याकाळी रिकाम्या घराच्या गॅलरीत मी उभी होते, तेव्हा ती दोघं नेहमीप्रमाणे फिरायला निघाली. पूर्वी ती अगदी चिकटून चालायची, कारण काकूंना दर वीस पावलांवर काहीतरी लागायचं. आता काकू दोन्ही हात खिशात घालून झपझप पुढे निघून गेल्या होत्या. काका बरेच मागे, एका दुकानाबाहेर टांगलेल्या शर्टाची बाही उलटून बघत होते. कोपऱ्यावरच्या मिठाईच्या दुकानापाशी पोचल्यावर काकू थांबल्या. चष्मा डोळ्यांवर होता, किल्ली जवळ होती. तरी त्या तिथेच उभ्या राहिल्या, मागे वळून न पाहता, काका येईपर्यंत. मग दोघं मिळून वळली.